भरती अकादम्या चालवणाऱ्या सरांना खुले पत्र : ‘परत यायचंय’ म्हणणाऱ्या पोराचं आधी ऐकून घ्या

प्रति,
सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर जिल्ह्यांतील भरतीपूर्व प्रशिक्षण अकादम्यांचे सर्व संचालक आणि उस्ताद यांस,

रामराम सरांनो.

तुमच्या मैदानावर घाम गाळून फौजेत भरती झालेली, गावात गुलाल उधळून निरोप घेतलेली, ट्रेनिंगच्या केंद्रात पोचलेली आणि दोन-तीन महिन्यांनी घरी फोन करून ‘मला इथं राहायचं नाही’ म्हणणारी जी पोरं आहेत, त्यांच्याबद्दल हे पत्र आहे. संख्येनं ती थोडी आहेत. पण त्यांचं पुढं काय होतं हे मी जवळून बघितलंय, आणि त्यात तुमचा वाटा मोठा आहे. म्हणून सरकारला लिहिण्याआधी तुम्हाला लिहितोय.

मी पायदळात होतो. नोकरीतली शेवटची काही वर्षं रिक्रूट तयार करण्यात गेली. सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि गावी शेती करतो. फौजेनं मला घर दिलं, मुलांचं शिक्षण दिलं, चारचौघांत मान दिला. माझ्या लिहिण्यात कुणी फौजेविरुद्ध काही शोधू नये, तसं काही सापडणार नाही. आपला हा पट्टाच फौजेचा आहे. आपशिंग्याच्या नावापुढं मिलिटरी लागलं ते उगाच नाही, टाकळीला सैनिक टाकळी म्हणतात तेही उगाच नाही. तुमच्यातले बरेच जण स्वतः पंधरा-सतरा वर्षं वर्दी घालून आलेले आहेत. त्यामुळे मी काय म्हणतो ते तुम्हाला समजावून सांगायची गरज पडू नये.

रिक्रूटचं मन उठतं. हे प्रत्येक बॅचला होतं आणि बहुतेक पोरांचं होतं. घरी उन्हं वर आल्यावर उठणारं पोर, त्याला पाचच्या आत मच्छरदाणी घडी करून, बिस्तर लावून, दाढी करून फॉलिन व्हावं, म्हणजे रांगेत उभं राहावं लागतं. केस गेलेले. मोबाईल जमा, रविवारी तासभर हातात मिळतो. दिवसभर पीटी, ड्रिल, वेपन, पुन्हा खेळ, रात्री रोल कॉल. एकाची चूक झाली की अख्ख्या प्लाटूनला रगडा, म्हणजे शिक्षेची कसरत. पहिल्या महिन्यात रात्री बरॅकमधून चक्कर मारली की कुठल्या ना कुठल्या मच्छरदाणीत हुंदका ऐकू येतो. तो ऐकून उस्ताद घाबरत नाही. कारण हेच पोर आठव्या-दहाव्या आठवड्यात बडा खान्याला, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र जेवणाला, पुढं येऊन गाणं म्हणतं, आणि फायरिंग रेंजवर पहिल्यांदा गोळ्या एकमेकींजवळ लागून ग्रुप चांगला आला की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. या पोरांना फक्त वेळ हवा असतो. घरच्यांनी रविवारी फोनवर रडारड केली नाही, ‘जेवलास का, पायाचे फोड कसे आहेत’ एवढंच विचारलं, तरी ती तरून जातात.

पण दुसरी एक जात असते, आणि ती ओळखायला मला बरीच वर्षं लागली. ही पोरं रडत नाहीत, आजारी रिपोर्ट करत नाहीत, रगड्यालाही कुरकुरत नाहीत. सगळं नीट करतात आणि आतून कुठंच नसतात.

असं एक पोर माझ्या प्लाटूनला होतं. माणदेशातलं. सोळाशे मीटर पाच मिनिटांच्या आसपास मारायचं, दहा बीम (पुलअप्स) सहज. किट लेआउट असा लावायचं की दुसऱ्यांना दाखवायला न्यावा. एका संध्याकाळी त्यानं मला विचारलं, ‘उस्ताद, कसम परेड नक्की कधी?’ कसम परेड म्हणजे ट्रेनिंग संपताना शपथ घ्यायची परेड. मला वाटलं घरच्यांना बोलवायचं असेल, तिकिटं काढायची असतील. चार दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं. खूप वेळ बोलला नाही. बुटाच्या लेसशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, ‘कसम झाली की परत जाता येत नाही ना? मी भावाची भरती करतोय, उस्ताद.’

त्याचा मोठा भाऊ लहानपणापासून फौज फौज करत वाढला होता. कोरोनात दोन वर्षं भरती जवळजवळ बंदच होती. आठवतं ना सरांनो, तुमचीही मैदानं ओस पडली होती. काही पोरांचं मैदान झालं होतं, मेडिकल झालं होतं, फक्त लेखी राहिली होती. जून २०२२ मध्ये चार वर्षांसाठी अग्निवीर भरती करणारी अग्निपथ योजना आली आणि ती सगळी जुनी प्रक्रिया रद्द झाली. वयाची मर्यादा एकवीस, त्या एका वर्षापुरती तेवीस केली. तरीही कितीतरी पोरं काठावरून गेली. त्याचा भाऊ त्यातलाच. मग घरानं ठरवलं की धाकट्यानं जायचं. त्याला विचारलं कुणी नाही. त्याला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करायचा होता, आयटीआयला नंबरही लागत होता. पण तो पळायला चपळ होता आणि घरात एक वर्दी यायलाच हवी होती.

मी त्याला कंपनी कमांडरसाहेबांचा इंटरव्ह्यू, म्हणजे समोरासमोर भेट, मागायला लावला. अर्जात त्यानं आधी ‘घरेलू समस्या’ असं लिहिलं होतं, सगळे तेच लिहितात. साहेबांसमोर मात्र खरं बोलला. साहेबांनी लगेच हो म्हटलं नाही. दोन आठवडे थांबवलं, पुन्हा बोलावून विचारलं, वडिलांना बोलावून घेतलं. वडील नवी टोपी घालून आले होते. गेटवर बसून राहिले, आत यायला तयार नव्हते, कारण पोरानं काहीतरी गुन्हा केलाय अशीच त्यांची समजूत होती. शेवटी कसम परेडच्या आधी त्याला रीतसर सेवामुक्त केलं. कागद स्वच्छ. कुठला डाग नाही.

आणि इथून पुढं तुमचा भाग सुरू होतो.

तो गावी पोचला तेव्हा स्टँडवर त्याचा फ्लेक्स तसाच होता. संगणकावर चिकटवलेल्या वर्दीतला फोटो, डोक्यावर न कमावलेली टोपी, वर अकादमीचं नाव, खाली ‘आमची गौरवशाली परंपरा’. ज्या अकादमीत तो तयार झाला तिथल्या सरांनी त्याला मैदानात पाय ठेवू दिला नाही. इतकंच असतं तर चाललं असतं. सकाळच्या रोल कॉलला नव्या पोरांसमोर त्याचं नाव घेऊन सांगितलं गेलं, की हा पळून आला, ह्यानं आपली मान खाली घातली. तो पळून आलाच नव्हता. कमांडिंग ऑफिसरच्या सहीनं आला होता. पण गावात एकदा ‘भगोडा’ शब्द सुटला की सेवामुक्तीचा कागद कोण वाचतोय? आज तो चाकणला कंत्राटी कामावर आहे. गावच्या जत्रेलाही येत नाही. भाऊ त्याच्याशी बोलत नाही.

हे ज्या पोरांनी ऐकलं, त्यांनी त्यातून काय शिकायचं? एवढंच, की केंद्रात मन उठलं तर सांगायचं नाही. आणि न सांगणाऱ्याचं पुढं काय होतं तेही मी पाहिलंय. आमच्या पंचक्रोशीतला एक मुलगा ट्रेनिंग संपवून सुट्टीवर आला आणि परत गेलाच नाही. आईला सांगितलं सुट्टी वाढली. आईनं ते शेजारीपाजारी सांगितलं. मग एक दिवस पोलीस पाटील दारात, पाठोपाठ ठाण्यातून बोलावणं. तोवर तो पुण्यात मित्राच्या खोलीवर लपून राहत होता. वडील माझ्याकडं आले ते हे विचारायला, की काही पैसे भरून मिटतं का.

पैसे भरून मिटत नाही. हे तुम्ही पोरांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं. म्हणून मला जे ठाऊक आहे ते इथं सरळ लिहितो, तुम्ही ते फळ्यावर लिहा.

नावनोंदणी झाली की पोर सैन्य अधिनियम १९५० च्या खाली येतं, शपथ झालेली असो वा नसो. रजेशिवाय गैरहजर राहणं हा कलम ३९ चा गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पळून जाणं हे कलम ३८. साध्या परिस्थितीत सात वर्षांपर्यंत, आणि प्रत्यक्ष मोहिमेवर असताना किंवा तसा हुकूम झालेला असताना पळालं तर कायद्यात मृत्युदंडापर्यंत तरतूद आहे. तीस दिवस गैरहजर राहिलं की चौकशी बसते आणि त्याची नोंद होते. गावातल्या पोलिसांकडं कागद येतो तो पळालेल्याला पकडून देण्यासाठी. स्वतःहून हजर झालेला आणि पकडून आणलेला यांच्याकडं बघण्यात फरक पडतो, म्हणून लपलेल्या पोराला घरच्यांनी पहिल्या आठवड्यातच परत पाठवावं. माझ्याकडं आलेल्या त्या वडिलांना मी हेच सांगितलं, आणि मुलगा गेला.

आता दुसरी बाजू. अग्निवीराच्या अटींत स्पष्ट लिहिलंय की चार वर्षं संपण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडता येणार नाही. फक्त अत्यंत अपवादात्मक परिस्थितीत, सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीनं. तसं बाहेर पडलं तर सेवानिधीत (पगारातून कापून आणि सरकारनं तेवढीच भर घालून साठणारी रक्कम) पोराचा स्वतःचा जो हिस्सा कापला गेला तेवढा व्याजासकट मिळतो, सरकारचा हिस्सा मिळत नाही. त्याच वेळी, ज्याची शपथ अजून झालेली नाही अशा रिक्रूटला मोकळं करण्याचा अधिकार सैन्य नियम १९५४ मध्ये कमांडिंग ऑफिसरला आहे. रिक्रूटनं स्वतः विनंती केली असेल तर ती मान्य करणं योग्य आहे आणि युनिटची संख्या त्यामुळं फार घटणार नाही, एवढी खात्री त्यांनी करायची. विनंती मंजूर होईलच असं नाही. पण दार आहे. ते कसम परेडच्या आधी उघडतं, नंतर फार अरुंद होतं. माणदेशातल्या त्या पोराला हे कुणीतरी अर्धवट सांगितलं होतं, म्हणून तो तारीख विचारत होता. बाकीच्यांना तेवढंही ठाऊक नसतं.

तुमच्या किती पोरांना हे माहीत आहे? मी गेल्या पावसाळ्यात एका अकादमीत गेलो होतो. पोरांना छाती किती लागते, फुगवून किती लागते, सोळाशेला किती मिनिटांत किती गुण, नऊ फुटी खड्डा, झिगझॅग, सगळं तोंडपाठ. लेखी आता आधी आणि मैदान नंतर हेही पाठ. मी विचारलं, चार वर्षांनंतर किती जण राहतील? निम्म्यांनी हात वर करून ‘सगळे’ म्हटलं. सरांनो, जास्तीत जास्त पंचवीस टक्के. बाकीच्यांनी साधारण दहा लाखांचा सेवानिधी, वर व्याज, घेऊन घरी यायचं. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. पहिल्या वर्षी महिना तीस हजार म्हणतात त्यातले एकवीस हजार हातात येतात, नऊ हजार निधीला जातात. अठ्ठेचाळीस लाखांचा विमा आहे. हे सगळं वाईट आहे असं मी म्हणत नाही. ऊसतोड करणाऱ्या घरातल्या पोराला ही रक्कम मोठी आहे. पण ज्याला आपण काय पत्करतोय हे ठाऊक आहे तो आणि ज्याला फक्त गुलाल ठाऊक आहे तो, यातला कोण तिसऱ्या महिन्यात कोसळेल हे सांगायला सुभेदार लागत नाही.

आणि वयाचं बघा. साडेसतराव्या वर्षी भरती होते. अठरा पूर्ण नसतील तर आईबापाची सही लागते, म्हणजे त्या पोराचा निर्णय कायद्यानंही पूर्णपणे त्याचा मानला जात नाही. ज्या ब्रिटिशांनी आपल्या पलटणी उभ्या केल्या, त्यांच्या आजच्या सैन्यात अठरा वर्षांखालच्या रिक्रूटला, सुरुवातीचे चार आठवडे गेल्यावर, अठरावा वाढदिवस होईपर्यंत सोडून जाण्याचा हक्क आहे. मोठ्यांनाही सुरुवातीच्या काही महिन्यांत तशी सोय आहे. हक्क, मेहेरबानी नव्हे. त्यांची फौज त्यानं मोडून पडली नाही. आपल्याकडंही शपथेपूर्वीचा एक ठराविक काळ असा असावा, की रिक्रूटनं विचारपूर्वक लिहून दिलं, अधिकाऱ्यानं दोनदा बोलून खात्री केली, की त्याला सन्मानानं जाऊ द्यावं. हे मी संरक्षण मंत्रालयाला स्वतंत्र लिहिणार आहे. पण तो नियम उद्या झाला तरी गाव आणि अकादमी बदलली नाही तर पोर ते दार वापरणार नाही. परत यायचं कुठं, हाच त्याचा प्रश्न आहे.

मन नसलेला जवान शेजाऱ्यालाही धोक्यात घालतो, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. रात्रीच्या गस्तीत तुमच्या डाव्या हाताला कोण चाललंय यावर तुमचा जीव असतो. २०२३ च्या ऑक्टोबरात सियाचीनमध्ये बुलढाणा जिल्ह्यातला अग्निवीर गेला. कोवळं पोर. अशा ठिकाणी जाणाऱ्या प्रत्येक पोरानं स्वतःच्या मनानं तिथं असावं, एवढं तरी आपण त्याचं आणि त्याच्या शेजाऱ्याचं देणं लागतो.

म्हणून माझी मागणी आहे, आणि ती मी हात जोडून करतो. प्रवेश देताना फी आणि बूट यांच्या आधी पोराला आणि त्याच्या आईबापाला एकत्र बसवा आणि अटी मराठीत वाचून दाखवा. आईलाही बसवा, फक्त बापाला नको. मग बापाला बाहेर पाठवा आणि पोराला एकट्यात विचारा, तुला जायचंय का. मी सांगतो, दहातलं एखादं खरं बोलेल. त्याची फी परत करा. माझ्याकडं आलेल्या एका पालकांनी सांगितलं की त्यांच्या मुलाची मूळ गुणपत्रिका फी पुरी होईपर्यंत अकादमीनं ठेवून घेतली होती, आणि मुलाला मधेच सोडायचं होतं तरी त्यामुळं सोडता आलं नाही. असं कुठंही होत असेल तर ते आज बंद करा. पोराची कागदपत्रं पोराची असतात.

फ्लेक्स लावायचाच तर कसम परेड झाल्यावर लावा, त्याच्या खऱ्या वर्दीतल्या फोटोचा. त्या दिवशी तो त्यानं कमावलेला असतो. निवड यादीत नाव आलं त्याच रात्री डीजे लावून, उघड्या जीपमधून मिरवून, अठरा वर्षांच्या पोराच्या परतीचा रस्ता आपण गुलालानं बंद करतो. मिरवणुकीचा खर्च बापानं कर्जानं केलेला असतो, हेही तुम्हाला माहीत आहे.

आणि रविवारी फोन आला तर उचला. घरच्यांच्या आधी कितीतरी पोरं तुम्हाला फोन करतात, कारण दोन वर्षं पहाटे चारला त्यांना उठवणारा माणूस तुम्ही असता. ‘तोंड दाखवू नको’ हे वाक्य त्या फोनवर कधीही बोलू नका. विचारा, कशाचा त्रास होतोय? पाय दुखतोय, कुणी छळतंय, घरची आठवण येतेय, की हे आयुष्यच नकोय? पाय दुखत असेल तर आजारी रिपोर्ट करायला सांगा, सहन करून हाड मोडून घेऊ नको म्हणा. कुणी छळत असेल तर प्लाटूनच्या जेसीओला, म्हणजे सुभेदारसाहेबांना, भेट म्हणा. आठवण येत असेल तर कसम परेडपर्यंत थांब म्हणा, बहुतेक पोरं थांबतात आणि नंतर तुमचे आभार मानतात. आणि चौथं उत्तर आलं, पुढच्या रविवारीही तेच आलं, तर त्याला सांगा की पळू नको, लपू नको, साहेबांचा इंटरव्ह्यू माग, खरं कारण लिही. वडिलांना मी समजावतो म्हणा. हे एक वाक्य त्या पोराला किती दिवस तग धरायला पुरेल याची तुम्हाला कल्पना नाही.

रीतसर परत आलेल्याला मैदानावर येऊ द्या. त्याला पोलीस भरतीची तयारी करायची असेल तर करू द्या, नसेल तर त्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्या. मी तर म्हणतो वर्षातून एकदा अशा एखाद्या मुलाला, तो तयार असेल तर, नव्या पोरांशी बोलायला बोलवा. तो फौजेबद्दल वाईट बोलेल या भीतीनं बोलवत नसाल तर ती भीती सोडा. मी ज्यांच्याशी बोललो त्यातल्या एकानंही फौजेला शिवी दिली नाही. ते फक्त म्हणाले, आम्हाला आधी कुणी विचारलं नाही.

पुढच्या भरतीचे अर्ज सुटतील तेव्हा तुमच्याकडं प्रवेशाला रांग लागेल. त्या वेळी अटी वाचून दाखवायला माणूस हवा असेल तर मला निरोप धाडा. चारही जिल्ह्यांत कुठंही येईन, एसटीनं येईन, मानधन घेणार नाही. सकाळच्या सरावानंतरचा एक तास आणि समोर पोरांच्या शेजारी बसलेले त्यांचे आईवडील, एवढीच सोय करा.

जय हिंद.

आपला,
एक निवृत्त सुभेदार
जिल्हा सातारा